हळदीच्या सकाळची हजामत

पुरुषांच्या तोंडावरच्या केसांइतकी बिनकामाची गोष्ट देवाने दुसरी केली नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी पोट भरत नाही की थंडी अडत नाही. तरी त्या केसांवरून पुरुषमाणसं जेवढी फुगतात, रुसतात आणि घाबरतात, तेवढी वाघ दिसला तरी घाबरत नसतील. बाळकुमच्या काळुरामच्या लग्नात काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही पटेल.

ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी धावायला लागून बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. बाळकुमला खाडीच्या कडेने मिठागरं होती, त्यांच्या मागे भातशेती. मधल्या बांधाच्या एका अंगाला आगऱ्यांची घरं आणि दुसऱ्या अंगाला किरिस्तावांची. काळुराम हा गोपीनाथ आगऱ्याचा एकुलता एक मुलगा. गोपीनाथ म्हणजे फणसासारखा माणूस, आणि आतले गरे कुणी अजून पाहिले नव्हते. मिठागरावर तो बोलायला लागला की बगळे उडायचे. घरात तर बोलण्याचा प्रश्नच नव्हता, हुकूम सुटायचे. बायकोला, म्हणजे सखुबाईला, त्याने इतक्या वर्षांत "ए", "अगे" आणि "कुठं मेलीस" याखेरीज हाक मारली नव्हती. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायची तेव्हा रीतच नव्हती म्हणा, पण गोपीनाथने ती रीत जरा जास्तच मनावर घेतली होती.

आता हजामतीच्या रीतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावातल्या यच्चयावत पुरुषांची डोकी विठ्ठल न्हावी भादरायचा. शेंडीपुरते केस ठेवून बाकी सगळं तुळतुळीत, त्यामुळे डोक्यावरून कुणाच्या घरात काय घडलंय ते कळायचं नाही. ते कळायचं मिशीवरून. आई किंवा बाप मेला तरच मिशी उतरायची. आईबाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे त्यांना चालतंबोलतं असताना तिरडीवर चढवणं. कुणी बिनमिशीचा दिसला की लोक काही विचारायच्या आधीच चेहरा पाडायचे.

विठ्ठलची दाढी करायची तऱ्हाही बघण्यासारखी होती. तो समोर उकिडवा बसायचा, पितळी वाटीतलं गार पाणी बोटांनी गालावर चोळायचा, चोळून चोळून कातडी लाल झाली की धोकटीतून वस्तरा काढायचा. साबणबिबण काही नाही. तो वस्तरा त्याच्या आज्याच्या हातचा होता आणि त्याची धारही बहुधा आज्याच्याच वेळची. दाढी करून घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण तोंडातून ब्र काढायचा नाही. जो कळवळला त्याची महिनाभर टिंगल व्हायची. स्वतःची दाढी स्वतःच्या हाताने करणं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते काम गोऱ्या सोजिरांचं आणि पाद्र्यांचं.

आणि सिल्वेस्टरचं. सिल्वेस्टर हा बांधापलीकडचा, काळुरामचा लहानपणापासूनचा दोस्त. मुंबईहून एडनला जाणाऱ्या आगबोटीवर तो बटलर होता. त्याच्याकडे घडी घालायचा विलायती वस्तरा होता, सुवासाचा साबण होता, केसांचा कुंचला होता. दर रविवारी किरिस्तावांच्या देवळात जाण्याआधी तो परसात बसून स्वतःचं तोंड लख्ख घोटून काढायचा, मिशीसकट. बांधावरून आगऱ्यांची पोरं ते बघायची आणि हसायची. काळुराम मात्र हसायचा नाही. त्याला त्या फेसाचं फार आकर्षण वाटायचं.

काळुरामचं लग्न माजिवड्याच्या जयाशी ठरलं होतं. हळदीच्या दिवशी सकाळी नवऱ्या मुलाची हजामत करायचा मान विठ्ठलचा. त्या मानाचा नारळ आणि धोतर सखुबाईने आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. गोपीनाथ घरी नव्हता. शीळच्या पुढे कल्याणच्या रस्त्यावर एका गावात त्याची बहीण रखमाबाई दिली होती, तिला आणायला तो बैलगाडी घेऊन गेला होता. आगगाडीने जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण "धूर खात कोन बसंल" म्हणून त्याने उडवून लावलं. आदल्या संध्याकाळी तो परत यायचा होता. आला नाही. सखुबाई अंगणात सारखी येऊन रस्त्याकडे बघत होती.

सकाळी सकाळी सिल्वेस्टरने काळुरामला बांधावर गाठलं.

"काळू, विठ्ठलच्या हातात गाल देऊ नको आज," तो म्हणाला. "तो दाढी नाय करत, खरवडतो. उद्या बायको गालाला हात लावंल तं तिचा हात फाटंल."

काळुराम लाजला, आणि लाजलेला नवरा मुलगा काय वाटेल ते ऐकतो. विठ्ठल यायला अजून अवकाश होता. विठ्ठल आला की त्याच्यासमोर बसायचं, त्याला हवा तेवढा वस्तरा फिरवू द्यायचा, त्याचा मान त्याला द्यायचा, असा त्याने मनाशी हिशेब केला आणि बांध ओलांडला.

सिल्वेस्टरने त्याला परसातल्या फणसाखाली पाटावर बसवलं. आधी गरम पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर ठेवला. मग कपात साबण घोटला आणि कुंचल्याने काळुरामचं तोंड नाकापासून गळ्यापर्यंत पांढरं करून टाकलं. काळुरामला आयुष्यात एवढं सुख कुणी दिलं नव्हतं. वस्तरा झाडाला टांगलेल्या चामडी पट्ट्यावर सटासट पाजळला आणि लोण्यातून फिरावा तसा गालावरून फिरायला लागला. सिल्वेस्टर एडनच्या उन्हाबद्दल सांगत होता. काळुरामने साबण जाईल म्हणून डोळेही मिटले होते आणि तोंडही.

सिल्वेस्टरच्या हाताला एकच वाट ठाऊक होती. उजवा गाल, डावा गाल, हनुवटी, गळा आणि शेवटी ओठ. बोटीवर समुद्र हलत असतानाही तो हात त्याच वाटेने जायचा. तोंड एडनला होतं, हात रोजच्या वाटेने गेला, आणि फेसाखाली मिशी आहे की काय आहे ते दिसतंय कुणाला? विठ्ठलच्या गार पाण्याला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पाण्यातून निदान सगळं दिसतं.

तोंडावर पाण्याचा हबका बसला तेव्हा काळुरामला वरच्या ओठावर भलतंच गार लागलं. त्याने हात लावून पाहिला.

"जेजू!" सिल्वेस्टर पुटपुटला. "काळू, आरशात नको बगूस."

त्याने अर्थातच आरशात पाहिलं. आणि पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती लग्नाची नव्हती. बाप काल यायचा होता, अजून आला नाही, ही होती.

तोंडावर पंचा धरून तो घरी आला. सखुबाईने पंचा ओढला, क्षणभर मुलाकडे बघितलं आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या कुंकवाकडे गेला.

"बापूस जिता असताना मिशी उतरलीस रं मेल्या!" ती म्हणाली. "बापूस रस्त्यात हाय, बैल कसे, वाट कशी, कायबी ठाव नाय, आन तू..." तिने त्याला मारायला हात उचलला, तो तसाच खाली आला. मग ती आत गेली आणि हळकुंडं कुटायला बसली. कुटण्याचा आवाज जरा जास्तच मोठा येत होता.

एवढ्यात विठ्ठल आला. कोऱ्या पंच्यात धोकटी गुंडाळून, मानाच्या दिवशीचं पागोटं घालून. गुळगुळीत गाल बघून आधी त्याचा अपमान झाला, आणि मग ओठ बघून तो हादरला. त्याने इकडे तिकडे बघितलं, गोपीनाथ दिसला नाही. विचारायचं तरी कसं? मर्तिकाच्या घरी "कोण गेलं" असं विचारत नाहीत. तो न बोलता मागे फिरला. त्याला माजिवड्याला दुसरं गिऱ्हाईक होतं. तिथे दाढी चोळता चोळता त्याने काय सांगितलं ते देव जाणे, पण दुपारच्या आत जयाचा बाप चार माणसं घेऊन बाळकुमच्या मांडवात हजर झाला.

पाचही जण खाली मान घालून बसले. जयाचा बाप भला माणूस होता, पण पोरीचा बाप होता.

"सखुबाय, गोपीनाथदादा कुठं हाय?" त्याने विचारलं.

"शीलच्या पल्याड, नणंदंकडं. कालच येनार व्हते."

"आन पोराच्या मिशीचं काय?"

सखुबाईने सांगितलं. काळुरामने सांगितलं. सिल्वेस्टरने तर बायबलवर हात ठेवून सांगायची तयारी दाखवली. पण मला सांगा, हळदीच्या दिवशी सकाळी एक किरिस्ताव चुकून नवऱ्याची मिशी काढतो आणि नेमका त्याच दिवशी नवऱ्याचा बाप बेपत्ता असतो, हे तुम्ही तरी मानलं असतंत का? त्या चौघांतला एक म्हातारा हळूच म्हणाला, की अशीही घरं असतात जिथं लगीन पार पडेस्तो मढं झाकून ठेवतात, बाईला कुंकू लावून हिंडवतात. सखुबाईने ते ऐकलं. तिने पदर तोंडात धरला आणि आत निघून गेली.

"दिवस बुडायच्या आत दादा दिसला पायजे," जयाचा बाप म्हणाला. त्यालाही बोलायला जड जात होतं. "सुतकात पोर कशी द्यावी? दादा आला तं मी त्याच्या पाया पडंन. नाय आला तं मना मांडव काढावा लागंल." आणि ते पाचही जण तिथेच बसून राहिले. विठ्ठलही परत येऊन कडेला बसला. त्यालाही आता खरं काय ते कळायला हवं होतं.

काळुरामला मांडवात बसवेना. ठाण्याचा रस्ता जिथे गावाच्या शेतांत वळतो, तिथे तो जाऊन बसला. हळदीच्या नवऱ्याने घराबाहेर पडू नये, पण आता कसली रीत नि कसलं काय. लग्न मोडलं तर मोडो, असं त्याला वाटायला लागलं होतं. खरोखर वाटत होतं. फक्त म्हातारा यावा. मुंब्र्याच्या डोंगराखालची ती खडबडीत वाट, गाडीचं जुनं चाक, बापाचा तो तापट स्वभाव, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर फिरत होतं. आपण वस्तऱ्याखाली सुखाने डोळे मिटून बसलो होतो तेव्हाच तिकडे गाडी उलटली असेल, असं त्याच्या मनाने घेतलं. आपणच बाप मारला. एरवी तो शहाणा मुलगा होता, पण भीतीला शहाणपण कुठून असणार!

उन्हं कलली आणि लांबून घुंगरांचा आवाज आला. मग आणखी एक आवाज आला, आणि तो ऐकून काळुराम ताडकन उठला. गोपीनाथ बैलांना शिव्या देत होता.

उशिराचं कारण असं, की रखमाबाईची म्हैस व्यायला झाली होती आणि ती व्याल्याशिवाय रखमाबाई गाडीत पाऊल ठेवेना. म्हशीने भावाबहिणीला एक आख्खा दिवस ताटकळत ठेवलं. एवढंच. कुणी मेलं नव्हतं, काही उलटलं नव्हतं, उलट एक रेडकू वाढलं होतं.

काळुराम धावत सुटला. बाप गाडीतून उतरतो न उतरतो तोच त्याच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. जन्मात कधी त्याने बापाला मिठी मारली नव्हती. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा एकदम उतरला होता, आणि त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आता गोपीनाथच्या बाजूने बघा. हळदीच्या दिवशी नवरा मुलगा रस्त्यावर, एकटा, ऊर फुटेपर्यंत रडणारा. गोपीनाथने त्याला दोन्ही खांद्यांना धरून मागे केलं आणि त्याचं तोंड बघितलं. मिशी नव्हती. मिशी कधी उतरते? बाप मेला की. बाप तर इथे उभा होता. मग राहिलं कोण?

गोपीनाथच्या हातातला कासरा गळून पडला. गाडी, बैल, बहीण, सगळं तिथेच टाकून तो घराकडे पळत सुटला. बांधावरून, खळ्यांमधून, पायातल्या वहाणा कुठे पडल्या त्याचंही भान नाही. रखमाबाईनेही भाच्याचा ओठ बघितला होता. तिने गाडीतच "माजी वयनी गोऽऽ" म्हणून जो सूर लावला तो खाडीपलीकडे गेला असेल. काळुरामच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा बाप पुष्कळ पुढे गेला होता. "बाबा, आयस बरी हाय! आयस बरी हाय!" असं ओरडत तो मागे धावला, पण आत्याच्या गळ्यापुढे त्याचं काय चालणार!

गोपीनाथ मांडवाच्या तोंडाशी आला. आत माजिवड्याची माणसं खाली माना घालून बसलेली. कडेला विठ्ठल, धोकटी पुढ्यात घेऊन. गोपीनाथला आता विचारायचं काही उरलंच नाही. त्याला जिवंत बघून जयाचा बाप हर्षाने उठून उभा राहिला, हात जोडून पुढे आला, पण गोपीनाथला तो दिसलाच नाही. त्याने मांडवाचा खांब धरला आणि धरल्याधरल्या खाली बसला.

"सखू!" तो ओरडला. बगळे उडवणारा तो आवाज पार फाटला होता. "सखू गो! मी येस्तो थांबली नाय! एक शबुद गोड बोललो नाय गो तुज्याशी... सखू..."

सखुबाई आत हळदीशी बसली होती. आधी नवऱ्याचा आवाज आला तेव्हाच तिच्या हातातला बत्ता सुटला, कारण तो जिवंत होता. त्याच्या पाठोपाठ तिला स्वतःचं नाव ऐकू आलं. या घरात ते नाव कधी कुणाच्या तोंडून निघेल असं तिला वाटलंच नव्हतं. ती उठली आणि मनगटापर्यंत पिवळ्या झालेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

गोपीनाथने वर बघितलं. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

त्यानंतर जो गलका झाला त्यात कोण काय बोललं ते सांगणं कठीण आहे. काळुराम धापा टाकत आला, सिल्वेस्टरने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, रखमाबाई गाडीतून उतरून रडत आत शिरली आणि समोर वहिनी बघून तिने पुन्हा एक किंकाळी फोडली. जयाच्या बापाने कबूल केल्याप्रमाणे गोपीनाथचे पाय धरले. तो हसतही होता आणि डोळेही पुसत होता. मघाचा संशयी म्हातारा सगळ्यात मोठ्याने हसत होता. लग्न उद्याच, ठरल्या मुहूर्तावर, बिनमिशीच्या नवऱ्याशी, असं तिथल्या तिथे ठरलं. विठ्ठलने काळुरामला समोर ओढून बसवलं, पितळी वाटीतलं पाणी त्याच्या गुळगुळीत गालांना चांगलं कचकचून चोळलं आणि नसलेल्या दाढीवरून वस्तरा फिरवून आपला मान वसूल केला. काळुरामच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आज तो आनंदाने कळवळला आणि कुणी त्याची टिंगल केली नाही.

गोपीनाथ मात्र भलताच ओशाळला होता. चार माणसांत, व्याह्यासमोर आपण काय बोलून गेलो ते आता त्याला एकेक करून आठवत होतं. त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड खसाखसा पुसलं, मुलाला दोन शिव्या दिल्या, सिल्वेस्टरला चार दिल्या. मग घसा खाकरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि दाराकडे न बघता नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ए, पानी आन."

सखुबाई हलली नाही.

"पानी आन म्हनतो ना!"

"कोनाला बोलताव?" तिने विचारलं. अगदी हळू विचारलं, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं.

गोपीनाथने व्याह्याकडे बघितलं. व्याही मांडवाच्या छताकडे बघत होता. विठ्ठलने वस्तरा पुसायला घेतला. बहीण काही मदत करेल म्हणून त्याने रखमाबाईकडे बघितलं, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. बिचाऱ्याला कुठेच वाट नव्हती. आणि खरं सांगायचं तर मघाशी बांधावरून पळताना त्याने देवाला काय काय कबूल केलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

"सखू," तो म्हणाला, "पानी आन गो."

ती आत गेली. माठातून तांब्या भरताना तिला रडू आवरेना, तेव्हा ती थोडा वेळ तिथेच थांबली, डोळे कोपराने पुसले आणि मग बाहेर आली. तांब्याला सगळीकडे तिच्या हातांची हळद लागली होती. गोपीनाथने तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाली न ठेवता सगळं पाणी पिऊन टाकलं.